ऑक्सिजन फुल्ल ठेवला की फुफ्फुस फुगलेलं राहतं? नाही बाप्पा

नागपूरच्या धंतोलीतल्या कुठल्याही हॉस्पिटलबाहेर चहाच्या टपरीवर उभं राहा, हे ऐकू येतंच, "फुफ्फुसाचं ऑपरेशन झालं नं, मग ऑक्सिजन फुल्ल ठेवायला सांगा, नाहीतर फुफ्फुस बसते." वर्षानुवर्षं चाललंय हे. खरं जवळपास उलटं आहे.

आपल्या हवेत ऑक्सिजन २१ टक्के अन् नायट्रोजन ७८ टक्के, आणि हा नायट्रोजन रक्तात फारसा शोषला जात नाही म्हणून तो हवेच्या बारीक पिशव्यांमध्ये टिकून त्यांना फुगवून ठेवतो. शुद्ध ऑक्सिजन दिला की नायट्रोजन धुऊन निघतो, रक्त तो ऑक्सिजन ओढून घेतं, आणि कफाने वाट बंद झालेली पिशवी बसते. ऑपरेशनमध्ये तर एक फुफ्फुस मुद्दामच बसवतात, म्हणजे त्यातली हवा जाऊ देऊन ते आकसवतात, सर्जनला जागा हवी असते, तेव्हा एकाच फुफ्फुसावर रक्तातला ऑक्सिजन ९०-९२ टक्क्यांपर्यंत उतरला तरी बरेचदा चालवून घेतात. कमी पडला की वाढवतातच, म्हणून मास्क आपल्या मनाने काढू नका अन् नॉबही फिरवू नका.

नंतर फुफ्फुस उघडं ठेवतं ते खोल श्वास, खोकणं, लवकर उठून बसणं, चालणं. दुखतं म्हणून पेशंट खोकतच नाही, तर दुखण्याची गोळी-इंजेक्शन मागून घ्या, त्यात कसली लाज. आणि ते श्वासाच्या व्यायामाचं तीन बॉलवालं खेळणं, आमच्या काकांनी दोन दिवस त्यात जोर लावून फुंकलं, बॉल हललाच नाही, मग सिस्टर म्हणाली, "काका, फुंकायचं नाही, आत ओढायचं, हळूहळू."