नॉर्स सागरी सफरी व वसाहती

नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावरील आणि ब्रिटिश बेटांवर आधीच स्थिरावलेल्या नॉर्स लोकांनी इ. स. नवव्या ते अकराव्या शतकांत फेअरो बेटे, आइसलँड व ग्रीनलंड येथे केलेल्या वसाहती आणि तेथून उत्तर अमेरिकेच्या किनाऱ्यापर्यंत केलेल्या सफरी. ‘व्हायकिंग’ म्हटले की लूटमार आठवते. या सफरी मात्र बव्हंशी शेतकऱ्यांच्या होत्या. जहाजात बायकामुले, गाई, मेंढ्या व चारा असे, आणि शोध असे तो कुरणांचा, इमारती लाकडाचा व वॉलरसच्या सुळ्यांचा.

जहाज : या प्रवासांचे जहाज म्हणजे लांबट युद्धनौका नव्हे, तर रुंद व खोल पोटाचे मालवाहू ‘क्नोर’. डेन्मार्कमधील रोस्किल्ड खाडीतून १९६२ मध्ये वर काढलेले ‘स्कुल्डेलेव्ह १’ हा त्याचा उत्तम नमुना. ते सुमारे १०३० मध्ये पश्चिम नॉर्वेत पाइनच्या लाकडाचे बांधलेले असून लांबी सुमारे १६ मी., रुंदी ४·८ मी. व मालक्षमता २० ते २४ टन आहे. इतके जहाज सहा-आठ खलाशी चालवू शकत. एका फळीची कड दुसरीवर चढवून लोखंडी खिळा आरपार ठोकीत व आतल्या बाजूस चौकोनी चकतीवर त्याचे टोक बोथट करीत. दोन फळ्यांच्या मध्ये डांबरात भिजवलेली लोकर भरीत. असा सांगाडा लाटेबरोबर थोडा वाकतो, म्हणून फुटत नाही. पण त्याच हालचालीने लोकर सैल होते आणि पाणी झिरपू लागते. पंप नव्हता, त्यामुळे वादळात काही माणसे केवळ पाणी उपसण्यासाठी अडकून पडत. शीड चौकोनी, लोकरीचे, सुमारे ९० चौ. मी.; ते वारा धरून राहावे म्हणून त्याला चरबी व डांबर चोळीत. वाऱ्याच्या तोंडावर जाण्यात हे शीड दुबळे असल्याने अनुकूल वाऱ्याची वाट पाहत बंदरात आठवडेच्या आठवडे जात. उबदार पाण्यात लाकूड पोखरणारा जहाजकिडा हा आणखी एक शत्रू. एरिक रौडाच्या (तांबड्या एरिकच्या) सागेत, म्हणजे जुन्या आइसलँडी गद्यकथेत, अशाच एका पोखरलेल्या जहाजावरून सीलच्या चरबीचे डांबर लावलेल्या छोट्या होडीत निम्मी माणसे उतरल्याची हकीकत आहे. तो लेप किड्याला भेदता येत नसे.

मार्गनिश्चिती : होकायंत्राचा पुरावा नाही. ‘लांदनामाबोक’ या वसाहतग्रंथाच्या एका पाठात नॉर्वेतील हेर्नार ते ग्रीनलंडमधील ह्वार्फ हा मार्ग दिला आहे : सतत पश्चिमेस जावे, शेटलंडच्या उत्तरेने इतके दूर असावे, की हवा अगदी स्वच्छ असेल तरच ते दिसेल, फेअरोच्या दक्षिणेने असे जावे, की समुद्र डोंगरउतारांच्या निम्म्यापर्यंत चढलेला दिसेल, आणि आइसलँडच्या दक्षिणेने, तेथील पक्षी व देवमासे भेटतील एवढ्या अंतरावरून. म्हणजे एकाच अक्षांशावर राहायचे आणि जमीन क्षितिजाखाली किती बुडाली यावरून अंतर ताडायचे. धुक्यात वा वारा पडल्यावर दिशाभान हरपे. त्याला ‘हाफ्व्हिला’ असा खास शब्दच होता. ‘सूर्यशिळा’ म्हणजे कॅल्साइटचा स्फटिक असून ढगाळ आकाशातही त्याने सूर्य शोधीत, हे मत १९६७ पासून लोकप्रिय आहे. हे प्रकाशशास्त्राच्या दृष्टीने शक्य आहे. तथापि एकाही व्हायकिंग जहाजात असा स्फटिक सापडलेला नाही. ग्रीनलंडमधील ऊनार्तोक येथे १९४८ मध्ये मिळालेल्या खाचांच्या अर्ध्या लाकडी चकतीस सौर होकायंत्र मानण्यासही सर्वांची संमती नाही.

आइसलँड : परंपरेने पहिला वसाहतकार इंगोल्फुर आर्नार्सनची वस्ती ८७४ ची धरतात. जमिनीतील ज्वालामुखीय राखेचा ‘लांदनाम (वसाहत) थर’ ग्रीनलंडच्या हिमगाभ्यांवरून (बर्फात खोल छेद घेऊन काढलेल्या नमुन्यांवरून) सुमारे ८७७ चा ठरतो. रेक्याविक येथे एका भिंतीचा अवशेष या थराखाली मिळाला असल्याने परंपरेचा काळ फारसा चुकलेला दिसत नाही. त्यापूर्वी आयरिश संन्यासी तेथे जात, असे आयरिश भिक्षू डिक्विलच्या ८२५ च्या ग्रंथावरून मानतात. जमीन धरण्याचे नियम लांदनामाबोकमध्ये आहेत : पुरुषाने सूर्योदय ते सूर्यास्त जाळ पेटवीत, एका जाळावरून दुसरा दिसेल अशा बेताने, जेवढा प्रदेश वेढला तेवढा त्याचा, स्त्रीला वसंतातल्या एका दिवसात दोन वर्षांची कालवड घेऊन फेरी मारता येईल तेवढा. हे नियम प्रत्यक्षात कितपत पाळले गेले, याविषयी साशंक राहणेच बरे. ९३० च्या सुमारास आल्थिंग ही सभा भरू लागली.

ग्रीनलंड : हद्दपारीची तीन वर्षे एरिक रौडाने या किनाऱ्याच्या शोधात घालवली व ९८५ किंवा ९८६ मध्ये वसाहतकरी नेले. निघालेल्या २५ जहाजांपैकी १४ पोहोचली, असे लांदनामाबोक सांगतो. पूर्व वसाहत दक्षिण टोकाजवळ आणि पश्चिम वसाहत आजच्या नूकच्या खाड्यांत होती. म्हणजे नावे काहीही असोत, दोन्ही पश्चिम किनाऱ्यावरच. हिवाळाभर गुरे गोठ्यात बांधून ठेवावी लागत. त्यामुळे उन्हाळ्यात किती गवत कापले जाते, यावर सारे अवलंबून असे.

व्हिनलंड : उत्तर अमेरिकेतील भूमीला नॉर्स लोकांनी दिलेल्या या नावावरील वाद शतकाहून अधिक जुना आहे. सर्वांत जुना उल्लेख ब्रेमेनच्या आडाम या इतिहासकाराचा, सुमारे १०७५ चा. डॅनिश राजाकडून ऐकल्याचे सांगून तो तेथे द्राक्षवेली आपोआप उगवतात असे लिहितो. ‘ग्रीनलंडकरांची सागा’ व ‘एरिक रौडाची सागा’ या तेराव्या शतकातील मानल्या जातात आणि त्यांचा मेळ बसत नाही : पहिलीत बियार्नी हेर्योल्फसनला ती भूमी प्रथम दिसते व लेइफ एरिकसन ठरवून तिकडे जातो, दुसरीत लेइफ भरकटत तेथे पोहोचतो. हेलुलंड (सपाट दगडांचा देश) म्हणजे बॅफिन बेट आणि मार्कलंड (वनांचा देश) म्हणजे लॅब्रॅडॉर, यावर बहुतेकांचे एकमत आहे. व्हिनलंडबाबत मात्र १८९८ मध्ये स्वीडिश भाषाशास्त्रज्ञ सोडरबर्ग यांनी मूळ शब्द दीर्घ स्वराचा ‘वीन’ (द्राक्षारस) नसून ऱ्हस्व स्वराचा ‘विन’, म्हणजे कुरण, असल्याचे सुचवले. नॉर्स अवशेष मिळालेल्या न्यू फाउंडलंडमध्ये द्राक्षे होत नसल्याने नॉर्वेजियन संशोधक हेल्गे इंगस्टॅड यांनीही तेच उचलून धरले. भाषाशास्त्रज्ञांचा आक्षेप असा, की त्या काळापर्यंत हा शब्द जिवंत भाषेतून गेला होता व तो केवळ जुन्या स्थलनामांत उरला होता. शिवाय दोन्ही सागा आणि आडाम द्राक्षेच सांगतात. द्राक्षांचा अर्थ अधिक सयुक्तिक वाटतो, आणि उत्खननही त्याच्या आड येत नाही.

हे उत्खनन न्यू फाउंडलंडच्या उत्तर टोकावरील लान्स ओ मेडोज येथील. हेल्गे इंगस्टॅड यांना १९६० मध्ये जागा सापडली व आन स्टीने इंगस्टॅड यांनी १९६१ ते १९६८ मध्ये खोदकाम केले. गवताळ मातीच्या ढेपांच्या भिंतींच्या आठ वास्तू, एक लोहारभट्टी, काशाची अंगठीदार टाचणी आणि सूत कातण्याच्या चातीची चकती मिळाली. दलदलीतील खनिजापासून भट्टीत काढलेले लोखंड जेमतेम ३ किग्रॅ. असावे, जहाजाचे मोडके खिळे बदलण्यापुरते. गोठे व कबरी नाहीत आणि उकिरडे लहान आहेत, म्हणून हे गाव नव्हे, तर काही वर्षे वापरलेला दुरुस्तीचा व मुक्कामाचा तळ होय. येथे मिळालेली बटरनटची (अक्रोडाच्या जातीच्या एका झाडाची) फळे महत्त्वाची. हे झाड न्यू ब्रन्सविकच्या उत्तरेस वाढत नाही व न्यू ब्रन्सविकमध्येच रानद्राक्षेही होतात. म्हणजे येथील माणसे दक्षिणेला सेंट लॉरेन्सच्या आखातात जात होती. त्यामुळे व्हिनलंड हे एक ठिकाण नसून हा सारा प्रदेश, हे पुरातत्त्वज्ञ बिर्गिटा वॉलेस यांचे मत सर्वांत टिकाऊ दिसते. काळाचा प्रश्न २०२१ मध्ये सुटला : ९९३ मधील वैश्विक किरणांच्या उद्रेकाची खूण असलेले वार्षिक वाढीचे वर्तुळ धातूच्या हत्याराने तोडलेल्या लाकडांत ओळखू आले आणि त्यापासून सालीपर्यंत २८ वर्तुळे मोजून तोडणीचे वर्ष १०२१ निघाले. हे एका तोडणीचे वर्ष आहे, पहिल्या आगमनाचे नव्हे.

वस्ती टिकली नाही याची कारणे सागांतच दिसतात. ‘स्क्रेलिंग’ म्हणजे स्थानिक लोकांशी आधी लाल कापड व दुधाच्या पदार्थांचा विनिमय, मग चकमकी. ग्रीनलंडमध्ये तेव्हा लोकसंख्याच काहीशेच्या घरात होती. इतकी माणसे दूर ठेवणे परवडणारे नव्हते. लाकडासाठी फेऱ्या मात्र थांबल्या नसाव्यात, कारण मार्कलंडहून परतणारे एक छोटे जहाज १३४७ मध्ये भरकटून आइसलँडला लागल्याची तेथील वार्षिकांत (वर्षवार बखरींत) नोंद आहे. नॉर्स लोकांचा पुरावा म्हणून दाखवले गेलेले मिनेसोटातील केन्सिंग्टन शिलालेख व येल विद्यापीठातील ‘व्हिनलंड नकाशा’ हे दोन्ही मात्र बनावट आहेत.

अखेर : पश्चिम वसाहत चौदाव्या शतकाच्या मध्यास ओस पडली. ह्वाल्से चर्चमधील सप्टेंबर १४०८ चा विवाह ही ग्रीनलंडची शेवटची लेखी नोंद. थंड हवामान, हस्तिदंतापुढे वॉलरसच्या सुळ्यांची घसरलेली मागणी, जमिनीची धूप, इन्यूटांशी स्पर्धा व आइसलँडकडे स्थलांतर ही सर्व कारणे मांडली जातात. एकट्या हवामानावर भर देणे पटत नाही : हाडांतील समस्थानिकांवरून अन्नात समुद्री प्राण्यांचा, विशेषतः सीलचा, वाटा शतकागणिक वाढत गेलेला दिसतो, म्हणजे लोक जुळवून घेत होते. हेर्योल्फ्सनेस येथील गोठलेल्या कबरींत १९२१ मध्ये मिळालेले लोकरी झगे व लांब शेपटीच्या टोप्या चौदाव्या शतकातील युरोपीय धाटणीच्या आहेत. कापड मात्र ग्रीनलंडातच विणलेले.