भारतीय भूसेनेतील कामे (शाखा व ट्रेड)

भारतीय भूसेनेत सैनिकाला नेमून दिलेले काम आणि त्या कामाची शाखा यांविषयीची ही नोंद आहे. फौजेच्या बोलीत या कामाला ‘ट्रेड’ म्हणतात. गावाकडे ‘पोरगा मिलिटरीत आहे’ एवढ्यावर चौकशी संपते. प्रत्यक्षात त्या पोराच्या हातात रायफल असेल, वायरलेस संच असेल, पाना असेल किंवा लंगरातला, म्हणजे फौजेच्या स्वयंपाकघरातला, झाराही असेल.

काम पदाच्या नावातच दिसते. सर्वांत कनिष्ठ सैनिकाला पायदळात बहुधा शिपाई म्हणतात. तोच तोफखान्यात गनर, रणगाडा दलात सवार, अभियंता दलात सॅपर, संदेशवहनात सिग्नलमन आणि दुरुस्ती विभागात क्राफ्ट्समन होतो. नाईक, हवालदार, सुभेदार ही वरची पदे मराठी कानाला ओळखीचीच आहेत. शिवकालीन फौजेतही नाईक व हवालदार होते, आणि कामांची वाटणी तर बरीच बारीक होती. बारगिराला घोडा सरकारातून मिळे, शिलेदार तो स्वतःचा आणी. दर पंचवीस घोड्यांमागे एक पाणी वाहणारा पखालजी आणि एक नालबंद असे. सबनीस हजेरी ठेवी, कारखानीस कोठार सांभाळी. ही कामे पुढे आडनावे होऊन उरली.

आजच्या भूसेनेत ढोबळमानाने दोन विभाग आहेत : प्रत्यक्ष लढणारी व लढाईला थेट हातभार लावणारी दले, आणि त्यांना अन्न, दारूगोळा, औषध, दुरुस्ती पुरवणाऱ्या सेवा. मात्र ट्रेड कोणताही असो, प्रत्येक जवान आधी कवायत आणि गोळीबार शिकतो.

पायदळाच्या पलटणीत, म्हणजे बटालियनमध्ये, सुमारे आठशे माणसे असतात. तिचा सर्वांत लहान लढता गट म्हणजे सेक्शन : दहा जण, त्यांतला प्रमुख हवालदार. भरतीत ज्याला ‘जीडी’, म्हणजे जनरल ड्यूटी, म्हणतात तो मुख्यतः हाच जवान. गस्त, पहारा, खंदक खणणे, पाठीवर ओझे घेऊन चढणे यातच त्याचे बहुतेक दिवस जातात, चकमक क्वचित. पलटणीतही सगळे रायफलवाले नसतात. ८१ मिलिमीटरच्या उखळी तोफा आणि रणगाडाविरोधी क्षेपणास्त्रे हाताळणारे वेगळे, छाप्यासाठी निवडलेली ‘घातक’ प्लॅटून (छोटी तुकडी) वेगळी. शांततेत बँड वाजवणारे जवान युद्धात जखमींचे स्ट्रेचर उचलतात. मराठा लाइट इन्फंट्रीचे सेंटर, म्हणजे प्रशिक्षण केंद्र, बेळगावला, महार रेजिमेंटचे मध्य प्रदेशात सागरला आणि ब्रिगेड ऑफ द गार्ड्‌सचे नागपूरजवळ कामठीला आहे.

रणगाड्यात काम अगदी मोजून वाटलेले असते. टी-७२ आणि टी-९० मध्ये तिघेच : कमांडर, गनर, चालक. गोळा यंत्रच भरते. अर्जुन रणगाड्यात गोळा हाताने भरावा लागतो, म्हणून तिथे चौथा माणूस, लोडर. या दलाचे प्रशिक्षण अहिल्यानगरला (पूर्वीचे अहमदनगर) होते. चिलखती वाहनांतून लढणाऱ्या यांत्रिकी पायदळाचे सेंटरही तिथेच आहे.

तोफखान्याविषयी एक गैरसमज हमखास आढळतो. तोफ डागणाऱ्याला लक्ष्य दिसते असे वाटते. एरवी ते त्याला दिसत नाही. १५५ मिलिमीटरच्या बोफोर्सचा पल्ला वीस किलोमीटरच्या पुढे जातो. लक्ष्य पाहतो तो निरीक्षण ठाण्यावरचा, म्हणजे ‘ओपी’वरचा अधिकारी. तो वायरलेस घेऊन पायदळाबरोबर पुढे असतो. त्याने कळवलेल्या ठिकाणावरून मागे तांत्रिक साहाय्यक वारा, तापमान, उंची यांचा हिशेब घालून तोफेचा कोन काढतात. तोफेवरचे पथक तो कोन लावते, गोळा भरते आणि डागते. म्हणून गनरपेक्षा आकडेमोड करणारा कमी महत्त्वाचा नाही. १९९९ च्या कारगिल युद्धात मात्र डोंगरमाथ्यावरच्या ठाण्यांवर बोफोर्सने कित्येकदा समोर पाहून थेट नेमही धरला. पूर्वी काकूलला (आता पाकिस्तानात) असलेले तोफखाना विद्यालय नंतर नाशिकजवळ देवळालीला आले.

अभियंता दलाचे काम दोन टोकांचे आहे : आपल्या फौजेची वाट मोकळी करायची, शत्रूची बंद करायची. पूल टाकणे, सुरुंग पेरणे व काढणे, रस्ते, पाणीपुरवठा ही सॅपरची कामे. पुण्यात खडकीला बॉम्बे सॅपर्सचे सेंटर आहे. या कामाची कल्पना एप्रिल १९४८ च्या, जम्मू भागातल्या नौशेरा–राजौरी मोहिमेवरून येते. सेकंड लेफ्टनंट राम राघोबा राणे यांनी जखमी असूनही शत्रूच्या माऱ्याखाली सुरुंग आणि तोडून टाकलेली झाडे हटवून रणगाड्यांना वाट करून दिली. एका टप्प्यावर ते पुढच्या रणगाड्याखाली सरपटत, दोरी ओढून चालकाला इशारे देत गेले. कारवारकडच्या या अधिकाऱ्याला परमवीर चक्र मिळाले.

सेवा विभागांची नावे बातम्यांत फारशी येत नाहीत. आर्मी सर्व्हिस कोअर शिधा आणि इंधन पोचवते, आयुध विभाग दारूगोळा व साहित्य सांभाळतो, ईएमई (इलेक्ट्रॉनिक्स अँड मेकॅनिकल इंजिनीअर्स) ही शाखा बंदुकीपासून रडारपर्यंत सारे दुरुस्त करते. वैद्यकीय दलात डॉक्टरांबरोबर नर्सिंग असिस्टंट असतात. दलाच्या डॉक्टरांपैकी बरेच पुण्याच्या एएफएमसी या सैन्याच्या वैद्यकीय महाविद्यालयातून येतात. पशुवैद्यकीय दल सुरुंग हुंगणारी कुत्री आणि डोंगरात ओझे वाहणारी खेचरे सांभाळते. जिथे वाहन जात नाही तिथे खेचर जाते, आणि त्याच्यासोबत त्याला हाकणारा जवानही. पलटणीचा धर्मगुरू, मग तो पंडित असो, ग्रंथी, मौलवी वा पाद्री, हाही कनिष्ठ आयुक्त अधिकारी (जेसीओ), म्हणजे सुभेदारांच्या वर्गातला, असतो. टपाल सेवेत मुख्यतः डाक विभागातून आलेले कर्मचारी गणवेश घालतात. तिचे सेंटर कामठीला आहे. जवानाच्या पत्त्यात गावाऐवजी ‘द्वारा ५६ एपीओ’ किंवा ‘९९ एपीओ’ (आर्मी पोस्ट ऑफिस) असते. त्यामुळे पाकीट पोचते, पण पलटण कुठे आहे ते बाहेरच्याला कळत नाही.

आचारी, धोबी, न्हावी, मेस सांभाळणारे यांना ‘ट्रेड्समन’ म्हणतात. गावात या कामांकडे नाक मुरडले जाते, हे अन्यायाचे आहे. बर्फातल्या चौकीवर रॉकेलच्या स्टोव्हवर वेळेवर गरम जेवण देणे सोपे नसते, आणि चौकीवर हल्ला झाला तर आचाऱ्यालाही रायफल उचलावी लागते.

जवानांची भरती जून २०२२ पासून अग्निपथ योजनेतून होते. जनरल ड्यूटी, टेक्निकल, क्लार्क व स्टोअरकीपर, आणि ट्रेड्समन (दहावी वा आठवी उत्तीर्ण) असे तिचे प्रमुख गट आहेत. मुदत प्रशिक्षणासह चार वर्षांची. नंतर पंचवीस टक्क्यांपर्यंत अग्निवीर कायम सेवेत घेण्याची तरतूद आहे. अधिकारी मात्र वेगळ्या वाटेने येतात : खडकवासल्याची एनडीए (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी), डेहराडूनची इंडियन मिलिटरी अकॅडमी, चेन्नई व गया येथील ओटीए (ऑफिसर्स ट्रेनिंग अकॅडमी).

स्त्रिया वैद्यकीय व परिचर्या सेवांत आधीपासून होत्या. इतर शाखांत त्या १९९२ पासून अधिकारी होऊ लागल्या. मिलिटरी पोलीस दलात जवान म्हणून ८३ जणींची पहिली तुकडी २०२१ मध्ये बाहेर पडली, आणि २०२३ मध्ये तोफखान्यातही स्त्री अधिकारी आल्या. पायदळ आणि रणगाडा दल त्यांना अजून खुले झालेले नाही.