तीन संघ, एक मैदान आणि तिकिटाऐवजी युद्धरोखा

२६ जून १९४४ च्या रात्री न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर बेसबॉलचा सामना झाला. डॉजर्स, यांकीज आणि जायंट्स, शहरातले तिन्ही संघ एकाच सामन्यात! आत जायला पैसे चालत नव्हते, सरकारी युद्धरोखा (युद्धखर्चासाठी सरकारला दिलेल्या कर्जाचा कागद) घ्यावा लागे. २५ डॉलरच्या रोख्यावर साधी जागा, १०० च्या रोख्यावर राखीव, हजाराच्या रोख्यावर बॉक्स.

तिघांना खेळवायचं कसं, याचं गणित कोलंबिया विद्यापीठाचे प्राध्यापक पॉल स्मिथ यांनी मांडून दिलं. डाव नेहमीसारखे नऊ. पहिला यांकीज-डॉजर्स, दुसरा डॉजर्स-जायंट्स, तिसरा जायंट्स-यांकीज, की पुन्हा पहिल्यापासून. म्हणजे प्रत्येक जोडी तीनदा भिडते आणि प्रत्येक संघाला सहा डाव मिळतात. दोन डाव खेळायचे, एक डाव बाकावर. अंतिम धावा डॉजर्स ५, यांकीज १, जायंट्स ०.

हा खटाटोप कशासाठी? युद्धकाळात कारखान्यांत पगार वाढले, पण घ्यायला माल नव्हता. फेब्रुवारी १९४२ मध्ये खासगी मोटारी बनणंच थांबलं, नायलॉन पॅराशूटकडे वळलं. हातातला पैसा बाजारात आला असता तर भाव भडकले असते. सक्तीच्या बचतीचा पर्याय चर्चेत होता, पण अर्थमंत्री हेन्री मॉर्गेंथाऊ स्वेच्छेवर अडून राहिले. स्वेच्छा म्हटली की जाहिरात आली, आणि जाहिरातीबरोबर तमाशाही. पर्ल हार्बरवरच्या हल्ल्यात हाती लागलेली जपानी बुटकी पाणबुडी गावोगाव फिरवली, ती बघायची तर रोखे किंवा बचत-तिकिटं (टपाल तिकिटांसारखी, वहीत चिकटवून साठवायची) घ्या!

सामान्य लोकांना विकल्या जाणाऱ्या या रोख्यांचं नाव ई मालिका. तिचा पहिला रोखा १ मे १९४१ रोजी खुद्द राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांना विकला गेला. आज १८.७५ डॉलर भरा, दहा वर्षांनी २५ घ्या. व्याज साधारण २.९ टक्के. पोरांसाठी २५ सेंटची बचत-तिकिटं. वहीत अशी ७५ चिकटवली की १८.७५ डॉलर होतात, मग वही देऊन रोखा घ्यायचा. पहिल्या महायुद्धात अशीच सोय होती: २५ सेंटची १६ तिकिटं म्हणजे चार डॉलर, वर काही सेंट घालून बचतपत्र.

वहीची गोम अशी की तिकिटांवर व्याज शून्य. वही अर्धी राहून पडून राहिली तर पैसा नुसता अडकला. आणि रोख्यावर धारकाचं नाव नोंदलेलं असल्याने तो हरवला तर बदलून मिळे, तिकिटांवर कुणाचंच नाव नाही. रोखा ६० दिवसांनी मोडता येत होता, पण पहिल्या वर्षात मोडला तर दिले तेवढेच परत. व्याजाची चढण मुद्दामच शेवटी शेवटी तीव्र ठेवली होती, कारण सरकारला पैसा गोठलेलाच हवा होता.

सामन्याचा गल्ला सुमारे ५ कोटी ६५ लाख डॉलर म्हणून गाजला. तो नीट सोडवून पाहावा. त्यातले ५ कोटी न्यूयॉर्क महापालिकेने स्वतःच रोख्यांत घातले होते, महापौर ला गार्डिया यांनी तशी घोषणाच केली. खेळाडूंच्या सह्यांच्या एका कार्यक्रम-पुस्तिकेसाठी बाँड नावाच्याच (हो, खरंच) कपड्यांच्या दुकानाने १० लाखांचे रोखे घेतले. मैदानातल्या पन्नासेक हजार लोकांच्या वाट्याला उरतात सुमारे ५५ लाख.