गुडघा सांधेरोपणातील अल्पखर्चिक अचूकता-तंत्रज्ञान

झिजलेला गुडघा बदलताना हाडांचे काप ठरलेल्या कोनात आणि ठरलेल्या जाडीचे यावेत, यासाठी वापरायची, पण रोबोटच्या मानाने फार कमी खर्चात तयार होणारी साधने. रुग्णाच्या मापाचे थ्रीडी-प्रिंटेड जिग (करवतीला वाट दाखवणारे, हाडावर बसणारे साचे) आणि संवेदक बसवलेली, कापाचा कोन दाखवणारी, हातात मावणारी नेव्हिगेशन उपकरणे हे त्यांतले दोन मुख्य प्रकार.

खुबा, गुडघा आणि घोटा यांची केंद्रे एका रेषेत आणणे हे या शस्त्रक्रियेचे रूढ उद्दिष्ट. ३ अंशांपर्यंतचा फरक सहसा चालतो. नडगीच्या हाडाचा काप ३ अंशांनी कलला, तरी ३५ सेंटीमीटर खाली घोट्याशी तो फरक पावणेदोन सेंटीमीटरच्या वर जातो. नेहमीच्या पद्धतीत मांडीच्या हाडाच्या पोकळीत सळई घालून तिच्या आधाराने जिग बसवतात. हाडालाच बाक असला की सळई फसवते. आपल्याकडे गुडघे बाहेर वाकेपर्यंत दुखणे अंगावर काढलेले रुग्ण पुष्कळ असतात, त्यामुळे हा मुद्दा इथे अधिकच महत्त्वाचा.

खुब्याचे केंद्र शस्त्रक्रियेत दिसत नाही. मांडी गोल फिरवली की नेव्हिगेशन उपकरणातले संवेदक हालचालीवरून ते शोधतात. त्यांतला त्वरणमापक (अ‍ॅक्सेलरोमीटर) मोबाइलमधल्याच जातीचा असतो. गवंड्याच्या ओळंब्याप्रमाणे तो गुरुत्वाकर्षणावरून कल सांगतो. महागडे इन्फ्रारेड कॅमेरे लागत नाहीत, ही त्याची खरी बचत.

प्रिंटेड जिगचे काम जास्त नाजूक. सीटी स्कॅनवरून हाडाचा पृष्ठभाग तयार करून जिग त्यावर नेमका बसेल असा घडवतात. सीटीत कूर्चा, म्हणजे हाडाच्या टोकावरचे मऊ आवरण, नीट दिसत नाही, आणि एका बाजूला उरलेला तिचा पातळ थरही जिगला तिरपा करतो. म्हणून करवत चालवण्याआधी सर्जन जिगला सरळ सळई लावून कोन पुन्हा तपासतो. साहित्यही जपून निवडावे लागते. स्वस्त प्रिंटरमधले पीएलए प्लास्टिक ६० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडते, तर वाफेने निर्जंतुक करणाऱ्या ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंश तापमान असते. त्यामुळे नायलॉन वापरतात.

या कामासाठी लागणारे बहुतेक सगळे ठाणे-नवी मुंबई परिसरात हाताशी आहे. वागळे इस्टेट आणि रबाळे-महापे पट्ट्यात सुटे भाग घडवणारे कारखाने आहेत, कळवा आणि नेरुळला वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये आहेत. पवईच्या आयआयटीत डॉक्टर आणि अभियंत्यांनी मिळून उपकरणे घडवणारे बेटिक हे केंद्र २०१४ पासून चालते. ऐरोली पुलामुळे खाडीचे अंतरही फारसे उरलेले नाही. सर्जनने सकाळी सांगितलेली खोट संध्याकाळी यंत्रावर दुरुस्त होणे, हा जवळिकीचा फायदा आयात उपकरणाला मिळत नाही.

२०१७ मध्ये केंद्र सरकारने कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर मर्यादा घातली. कोबाल्ट-क्रोमियमच्या गुडघ्यासाठी ती करांशिवाय ५४,७२० रुपये होती. मर्यादा इम्प्लांटपुरती, म्हणजे बसवायच्या कृत्रिम सांध्यापुरती होती, रोबोटच्या वापराचे शुल्क तिच्यात येत नव्हते. संगणकीय नेव्हिगेशनने मोठ्या कोनचुका घटतात, हे अभ्यासांत दिसले आहे. रुग्णाचे चालणे-बसणे त्यामुळे ठळकपणे सुधारते, असे मात्र निर्विवाद सिद्ध झालेले नाही. इतक्या मर्यादित फायद्यासाठी रुग्णाकडून मोठी जादा रक्कम घेणे योग्य नाही. या साधनांची किंमत उतरवणे म्हणूनच कोन सुधारण्याइतकेच निकडीचे आहे.