सेटएक्स चालवलं म्हणून मशीन रीस्टार्ट कशाला?

विंडोजवर एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबल (प्रोग्रॅम्स वाचतात अशी नाव देऊन ठेवलेली सेटिंग) बदललं की मशीन रीस्टार्ट करायलाच हवं, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. बहुतेक वेळा तशी गरज नसते.

गैरसमज होतो कुठे, तर सेटएक्स (setx) या व्हेरिएबल कायमचं बदलणाऱ्या कमांडने जावा_होम (JAVA_HOME, जावा कुठे आहे ते सांगणारं व्हेरिएबल) बदलल्यावर त्याच कमांड प्रॉम्प्टमध्ये व्हॅल्यू बघायला ‘सेट जावा’ (set java) टाकलं की जुनीच व्हॅल्यू दिसते. दिसणारच! प्रत्येक प्रोग्रॅमला सुरू होताना त्याला उघडणाऱ्या प्रोग्रॅमकडून व्हेरिएबल्सची प्रत मिळते. सेटएक्स नवी व्हॅल्यू रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यात लिहितं; चालू खिडकीतली प्रत तशीच राहते. विंडोजचा डेस्कटॉप चालवणाऱ्या एक्सप्लोररला मात्र बदलाची सूचना जाते, त्यामुळे स्टार्ट मेनूतून नवा प्रॉम्प्ट उघडला की काम झालं. व्हीएस कोड या कोड एडिटरच्या टर्मिनलमध्ये नुसता नवा टॅब पुरत नाही, अख्खं व्हीएस कोड बंद करून उघडा. विंडोज सर्व्हिसेसचं (पडद्यामागे चालणाऱ्या प्रोग्रॅम्सचं) प्रकरण वेगळं, तिथे सिस्टिम व्हेरिएबलसाठी (सगळ्या युजर्सना लागू होणाऱ्या) रीबूट खरंच लागू शकतो.

खरी भीती भलतीकडेच आहे. सेटएक्स १०२४ अक्षरांपुढचं कापून टाकतं. ‘%पाथ%’ला (%PATH%) शेपूट जोडून सेटएक्सने पाथ, म्हणजे विंडोज प्रोग्रॅम शोधतं त्या फोल्डरांची यादी, बदलायला गेलात, तर लांबलचक पाथचा शेवट गायब. त्यासाठी सरळ सिस्टिम प्रॉपर्टीजमधली खिडकी वापरा.