भिंतीवरचं पोस्टर आणि पेपरातलं व्यंगचित्र: कोण कशाचा पुरावा?

२०१९ च्या लोकसभा निवडणुकीत कोल्हापुरात भिंतींवर, गाड्यांच्या काचांवर आणि व्हॉट्सअॅपच्या स्टेटसला एकच वाक्य झळकत होतं: ‘आमचं ठरलंय’. शंभर वर्षांनी एखाद्या अभ्यासकाच्या हाती त्यातला एखादा फोटो लागला आणि ‘त्या वर्षी कोल्हापूरकरांचं आधीच ठरलेलं होतं’ असं त्यानं लिहून टाकलं, तर आपण हसू. सगळ्यांचंच ठरलेलं असतं तर एवढा रंग कशाला लागला असता?

पण चित्र जुनं असलं की आपणही नेमकं हेच करतो. इतिहासाच्या पुस्तकात प्रचाराचं पोस्टर आणि राजकीय व्यंगचित्र शेजारीशेजारी छापलेलं असतं. दोन्ही रेखाटलेली, दोन्हींत अतिशयोक्ती, दोन्हींखाली एखादी चुरचुरीत ओळ. मग विद्यार्थी दोघांना ‘चित्ररूप साधन’ म्हणून एकाच पोत्यात भरतात आणि परीक्षेत दोन्हींवर सारखंच उत्तर लिहितात.

पोस्टर निघतं ते काढून घेणाऱ्याच्या गरजेतून. पैसे देणारा ठरलेला, मजकूर मंजूर करणारा ठरलेला, आणि लोकांनी अजून जे केलेलं नाही ते त्यांच्याकडून करून घ्यायचं असतं. त्यामुळे पोस्टर वाचताना त्यामागची काळजी शोधावी. १९४० मध्ये ब्रिटनच्या माहिती मंत्रालयानं ‘निष्काळजी बोलणं जिवावर बेततं’ अशा अर्थाची पोस्टरमालिका काढली. त्यातल्या एका चित्रात दोन बायका रंगात येऊन गप्पा मारताहेत आणि त्यांच्या मागच्या बाकावर हिटलर आणि त्याचा जवळचा सहकारी गोअरिंग बसलेत. यावरून ब्रिटिश जनता तोंडाला कुलूप लावून बसली होती असं म्हणता येत नाही. लोक बोलत होते, किंवा बोलतील अशी सरकारला धास्ती होती, एवढंच म्हणता येतं. पोस्टरचा परिणाम किती झाला, हे तर पोस्टर कधीच सांगत नाही.

आपल्याकडचा कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण घ्या. चार हसरे चेहरे, आई, बाप, मुलगा, मुलगी, आणि ‘दो या तीन बच्चे, बस’. त्या काळी घरोघरी किती मुलं होती याचा हा पुरावा नव्हे. ती संख्या जनगणनेत पाहावी. पण कुटुंब लहान ठेवा म्हणणाऱ्या सरकारलाही चित्रात एक मुलगा दाखवावासा वाटला, हे मात्र त्या चार चेहऱ्यांत दिसतं. पोस्टर असं नकळतही बोलून जातं.

व्यंगचित्राचं गणित उलटं आहे. ते सकाळी चहाच्या घोटाबरोबर कळावं लागतं. समजावून सांगावं लागलं की मेलं. म्हणजे त्यातल्या खुणा, कुणाचं नाक, कुणाची टोपी, कुठला ताजा घोटाळा, हे सगळं वाचकाला आधीच ठाऊक असतं. म्हणून व्यंगचित्र घटनेचा पुरावा म्हणून लंगडं असलं, तरी त्या आठवड्यात वाचकाला काय माहीत होतं आणि कशावर हसणं शक्य होतं, याचा फार चांगला पुरावा असतं. आज आपल्याला त्यातलं जे कळत नाही, तिथूनच अभ्यास सुरू करावा.

व्यंगचित्रकार अबू अब्राहम यांचं आणीबाणीतलं ‘इंडियन एक्स्प्रेस’मधलं चित्र तुम्ही नक्की पाहिलं असेल. राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद टबमध्ये आंघोळीला बसलेत, दाराच्या फटीतून सही केलेला कागद बाहेर देताहेत आणि म्हणताहेत, आणखी वटहुकूम असतील तर त्यांना थांबायला सांगा. राष्ट्रपतींनी आंघोळ करताना सही केली, असं कुणी लिहीत नाही. पण दुसरी चूक सर्रास होते: आणीबाणीच्या घोषणेवर सही करतानाचं हे चित्र आहे, असं सांगितलं जातं. घोषणेवर सही झाली २५ जून १९७५ च्या रात्री. चित्र डिसेंबरमधलं, आणि त्यातला शब्द ‘वटहुकूम’ आहे. अबूंचा रोख त्या एका रात्रीवर नाही. सहा महिने एकामागून एक वटहुकूम सहीला येत होते आणि सही होत होती, त्या सवयीवर आहे. तारीख सुटली की चित्राचा विषयच बदलतो तो असा.

हे चित्र छापून आलं म्हणून सेन्सॉर ढिला होता, असंही समजू नये. अबूंचीच दुसरी चित्रं सेन्सॉरनं अडवली होती. व्यंगचित्रकार शंकर यांनी तर १९४८ पासून चालवलेलं आपलं साप्ताहिक ‘शंकर्स वीकली’ ऑगस्ट १९७५ मध्ये बंद केलं. त्या काळातली छापलेली चित्रं मोजून मत बनवणारा अभ्यासक न छापलेली चित्रं विसरतो.

इथवर सरळ आहे. गोंधळ होतो तो सीमेवर. ते हिटलर-गोअरिंगवालं पोस्टर काढणारा फुगास हा मुळात ‘पंच’ या विनोदी साप्ताहिकाचा चित्रकार, पुढे त्याचा संपादकही झाला. म्हणजे हात तोच, मालक वेगळा. बोट रोखून सैन्यात बोलावणारा ब्रिटनचा युद्धमंत्री लॉर्ड किचनर आधी अवतरला तो ‘लंडन ओपिनियन’ या साप्ताहिकाच्या ५ सप्टेंबर १९१४ च्या मुखपृष्ठावर. पोस्टर नंतर झालं. तेव्हा चित्र कुणी काढलं, यापेक्षा ते कुठं आणि कुणाच्या खर्चानं लागलं, हे आधी विचारावं.

आणि सरकारनं एक पैसाही न देता व्यंगचित्र प्रचाराचं काम करू शकतं. ‘पंच’च्या २२ ऑगस्ट १८५७ च्या अंकात जॉन टेनिएलनं ब्रिटिश सिंहाला बंगालच्या वाघावर, म्हणजे उठाव करणाऱ्या शिपायांवर, झडप घालताना दाखवलं, वाघाच्या पंजाखाली गोरी बाई आणि तान्हं मूल. हे एकट्या टेनिएलचं मत म्हणावं, तर तेही बरोबर नाही. ‘पंच’च्या मोठ्या चित्राचा विषय संपादक मंडळी दर आठवड्याच्या जेवणात मिळून ठरवत. त्यातून दिसतो तो लंडनमधल्या मध्यमवर्गीय वाचकाचा संताप, आणि तो सूडाला किती तयार होता ते. आपल्या कोल्हापुरात २७ व्या पलटणीतल्या शिपायांनी ३१ जुलैला उठाव केला होता. पण त्या काळी इथली टपाल लंडनला पोचायला महिन्याच्या आसपास लागे, आणि चित्र तर छापण्याच्या आधी लाकडात कोरावं लागे. म्हणजे त्या चित्रात कोल्हापूर शोधू नये. ते शिपाई बंगालच्या नव्हे, मुंबईच्या सैन्यातले होते. पुढे छत्रपतींचे बंधू चिमासाहेब यांना कराचीला नेऊन ठेवलं गेलं. यातलं काहीच त्या वाघात मावत नाही. उठाव समजून घ्यायचा तर कागदपत्रं पाहावीत, उठावाबद्दल लंडनला काय वाटलं ते पाहायचं तर हा वाघ.

शंकर यांचं १९४९ चं चित्र यापेक्षा नाजूक. राज्यघटना म्हणजे गोगलगाय, तिच्यावर चाबूक घेतलेले डॉ. आंबेडकर, मागे नेहरू, त्यांच्याही हातात चाबूक. त्या वर्षीच्या वाचकासाठी विषय होता घटनेला लागणारा वेळ. अकरावीच्या एनसीईआरटीच्या पुस्तकातल्या याच चित्रावरून २०१२ मध्ये वादळ उठलं. नेहरूंचा चाबूक बाबासाहेबांवर उगारलेला आहे, असं अनेकांना दिसलं. पुण्यात तोडफोड झाली, पुस्तकाचे सल्लागार योगेंद्र यादव आणि सुहास पळशीकर यांनी राजीनामे दिले, सरकारनं चित्र काढण्याची घोषणा केली. २०१२ चा वाचक अडाणी होता, असं म्हणणं मला पटत नाही. १९२० च्या माणगाव परिषदेत शाहू महाराज आणि आंबेडकर एका मंचावर आले, ते आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातच. इथल्या माणसाला बाबासाहेबांच्या पाठीमागे उगारलेला चाबूक नुसती घाईची खूण म्हणून दिसणं अवघडच. ते चित्र १९४९ चं साधन आहे आणि ते वादळ २०१२ चं. तोडफोडीचं समर्थन त्यातून होत नाही, पण एकाच्या जागी दुसरं वापरणं हीसुद्धा चूकच.

फोनवर फिरणाऱ्या कात्रणाला यातलं काहीच नसतं. तारीख कापलेली, पेपराचं नाव कापलेलं, शेजारचा अग्रलेख गायब. कोल्हापूरच्या करवीर नगर वाचन मंदिरासारख्या १८५० पासूनच्या ग्रंथालयाचं दार जवळ असेल, तर जुन्या अंकांच्या बांधीव फायली आहेत का ते विचारावं. चित्र पहिल्या पानावर आहे की आत, त्याच दिवशी अग्रलेख काय म्हणतो, ते पाहावं. मग पुढच्या आठवड्यातला वाचकांचा पत्रव्यवहार चाळावा. चित्र कुणाला झोंबलं, ते बहुधा तिथं सापडतं.