करारभंगाची नुकसानभरपाई आणि इंडेम्निटी: सही करण्याआधी ओळखायचा फरक

"समोरच्याने करार मोडला तर कायद्याने भरपाई मिळतेच, मग ही इंडेम्निटी वेगळी कशाला?" कराराचा मसुदा वाचताना इंडेम्निटीचा, म्हणजे नुकसान भरून देण्याच्या वचनाचा, क्लॉज दिसला की अनेक व्यावसायिकांना हा प्रश्न पडतो. मग "नेहमीचाच क्लॉज आहे" असं म्हणून पान उलटलं जातं. माझ्या मते पूर्ण करारात एवढा महाग पडू शकणारा क्लॉज क्वचितच दुसरा असतो. दोन्हींचा शेवट पैसे देण्यात होतो खरा, पण पैसे कधी, कशासाठी आणि किती द्यायचे, हे दोन्हीकडे अगदी वेगळ्या पद्धतीने ठरतं.

करारभंगाच्या भरपाईचा हक्क भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७३ मधून येतो. करारात तो लिहिला नसला तरी मिळतो. मात्र त्यासाठी आधी करारभंग सिद्ध करावा लागतो, मग त्यातून झालेलं नुकसान. हे नुकसान स्वाभाविकपणे होणारं असावं, किंवा ते होऊ शकतं हे करार करतानाच दोन्ही पक्षांना माहीत असावं. दूरान्वयाचं नुकसान मिळत नाही. या विचाराचं मूळ १८५४ च्या एका इंग्लिश खटल्यात आहे. पिठाच्या गिरणीचा तुटलेला दांडा पोहोचवायला वाहतूकदाराने उशीर केला आणि गिरणी बंद राहिली. पण हा दांडा पोहोचेपर्यंत गिरणी बंदच राहणार, हे वाहतूकदाराला कळवलेलं नव्हतं असं धरून न्यायालयाने बुडालेला नफा नाकारला. शिवाय नुकसान कमी करण्याचे जे मार्ग तुमच्या हाती होते, तेही भरपाई ठरवताना विचारात घेतले जातात. आणि न्यायनिर्णय होईपर्यंत असा दावा म्हणजे 'येणं', म्हणजे समोरच्याकडून मिळायची ठरलेली रक्कम, नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७४ मध्ये स्पष्ट केलं आहे.

इंडेम्निटी म्हणजे दिलेलं वचन: अमुक घडलं आणि तुमचं नुकसान झालं, तर ते मी भरून देईन. कलम १२४ नुसार हे नुकसान वचन देणाऱ्याच्या स्वतःच्या वर्तनामुळे झालेलं असू शकतं, तसंच दुसऱ्या कोणाच्याही. इथे करारभंग व्हावाच लागतो असं नाही.

समजा, एका कंपनीने व्हेंडरकडून सॉफ्टवेअर बनवून घेतलं. 'आमच्या माहितीप्रमाणे हा कोड कुणाचा चोरलेला नाही,' असं व्हेंडरने प्रामाणिकपणे लिहून दिलं. पुढे तिसऱ्याच कंपनीने कॉपीराइटचा दावा ठोकला. व्हेंडरला खरोखरच माहीत नव्हतं, म्हणजे त्याने शब्द मोडलेला नाही आणि कलम ७३ कामाला येत नाही. इंडेम्निटी असेल तर मात्र दाव्यात भरावी लागलेली रक्कम, वकिलांचा खर्च आणि शहाणपणाने केलेल्या तडजोडीची रक्कमही कलम १२५ खाली मागता येते. त्यासाठी स्वतःच्या खिशातून आधी पैसे जायलाच हवेत असंही नाही. देणं निश्चित झालं असेल तर ते फेडण्याची मागणी आधीच करता येते, असा निकाल मुंबई उच्च न्यायालयाने १९४२ मध्ये दिला आहे.

वाटाघाटीत खरी गफलत होते ती 'या कराराच्या कोणत्याही भंगामुळे होणाऱ्या सर्व नुकसानीची इंडेम्निटी' या वाक्यात. खरेदीदाराचे मसुदे हे वाक्य सर्रास घालतात. व्हेंडरने ते स्वीकारू नये असं माझं स्पष्ट मत आहे. कलम ७३ च्या मर्यादा इंडेम्निटीलाही आपोआप लागू होतील, यावर विसंबता येत नाही. तिथे मुख्यतः क्लॉजचे शब्दच चालतात. साध्या करारभंगासाठी कायद्याची भरपाई पुरेशी आहे. इंडेम्निटी तिसऱ्या पक्षाच्या दाव्यांपुरती ठेवावी: बौद्धिक संपदा, डेटा गळती, कामगारांची देणी, इजा. खरेदीदाराने याच बाबतींत मागे हटू नये, कारण ही जोखीम व्हेंडरच्या ताब्यात असते आणि फटका बसतो खरेदीदाराला.

मग कॅप पाहा. जबाबदारीची कमाल मर्यादा करारात असते, पण तिच्या शेपटीला 'इंडेम्निटी वगळून' असे शब्द असतील तर व्हेंडरसाठी ती मर्यादा तिथेच संपली. अप्रत्यक्ष नुकसान वगळणारा क्लॉज इंडेम्निटीलाही लागू आहे का, हेही तपासा. दावा आला की किती दिवसांत कळवायचं, वकील कोण नेमणार, संमतीशिवाय तडजोड करता येईल का, हे लिहिलेलं नसेल तर ऐन दाव्याच्या वेळी भांडण ठरलेलं. व्हेंडरने विमा पॉलिसीही वाचावी, कारण कायद्याने येत नाही पण कराराने स्वतःहून ओढवून घेतली, अशी जबाबदारी अनेक पॉलिसींमध्ये वगळलेली असते. खरेदीदाराने समोरच्या कंपनीची ऐपत पाहावी. रिकाम्या तिजोरीच्या कंपनीने दिलेल्या अमर्याद इंडेम्निटीतून वसूल काहीच होत नाही.

करार संपल्यावरही इंडेम्निटी चालू राहील, असं बहुतेक मसुद्यांत शेवटच्या पानांवर असतं. ती किती वर्षं चालू राहणार, हा आकडा तिथे सहीआधीच भरून घ्या.